हाकेला ओ

"अभिमन… ओ दे रे, अभिमन…!"

हाक अशी लांबवलेली, की तिचं एक टोक बांधावर असायचं आणि दुसरं विहिरीपाशी येऊन टेकायचं. केळीच्या बागेत माणूस माणसाला दिसत नाही. चार खोडं ओलांडली की बाप लेकाला हरवतो आणि लेक बापाला. म्हणून तोताराम आबांची एक रीत होती. आधी नुसती हाक. मग थांबायचं. पलीकडून "ओ…!" आलं, की मगच निरोप सुटायचा: पाणी पुढच्या सरीला फिरव, इंजिन बंद कर, मायनं भाकर धाडली आहे. 'ओ' आलं नाही, तर निरोप तोंडातच धरून ठेवायचा आणि पुन्हा हाक मारायची.

लहान्या अभिमननं एकदा विचारलं होतं, "आबा, एकदमच सांगी टाका ना. नुसती हाक काबर मारतस?"

"येडा," आबा म्हणाले होते, "आयकनारा शे का नही ते माहीत नही, नि सांगी टाकं, तं गोट मातीमा जास. पह्यले ओ, मंग गोट."

पह्यले ओ, मंग गोट. आधी ओ, मग गोष्ट. भडगावच्या पुढचा तो गिरणाकाठचा मळा सुटला, शाळा सुटली, पुण्याचं कॉलेज सुटलं, पण हे चार शब्द अभिमनच्या मागोमाग मुंबईपर्यंत आले. तिथं विमानतळाच्या कुंपणाला लागून एक कार्यशाळा होती, आणि तो तिथं इंजिनिअर होता. त्याच्या टेबलावर येत ते विमानांच्या शेपटीतून काढलेले नारिंगी डबे. लोक त्यांना ब्लॅक बॉक्स म्हणत. डब्यात फीत फिरत असे. विमान किती उंचीवर आहे, किती वेगात आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे, हिसके कसे बसताहेत, हे सगळं क्षणाक्षणाला फितीवर उतरत जाई. जुनं पुसलं जाई, नवं लिहिलं जाई. वाईट वेळ आलीच, आणि सांगायला माणूस उरला नाही, तर डब्यानं सांगायचं. आणि तेव्हा डबा मुका निघू नये, हे अभिमननं बघायचं.

त्या साली दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे एक डबा आला. अपघात वगैरे काही नाही, नेहमीच्या तपासणीचा डबा. बाकावर ठेवला, विजेला जोडला, हिरवा दिवा लागला. कायद्यानं एवढं पुरे होतं. पण अभिमनला खोड होती, फीत वाचून तिच्या रेघा कागदावर काढून बघायची. उंचीची रेघ टेकडीसारखी चढून उतरली होती. वेगाची रेघ तिच्या बरोबरीनं चालली होती. आणि हिसक्यांची रेघ मात्र सरळ, सुतारानं दोरी मारून आखावी तशी. विमान ढगातून गेलं, रेघ सरळ. विमान धावपट्टीवर आदळत उतरलं, तरी रेघ सरळ.

डब्यात कुठं खोट नव्हती. विमानाच्या पोटात हिसके ओळखणारं एक लहानसं यंत्र असतं, डब्याचा कानच म्हणा. तो कान मधोमध अडकून बसला होता. आत काही पोचतच नव्हतं, आणि डबा आपला इमानानं लिहीत होता: सगळं ठीक, सगळं ठीक.

त्यानं तो कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब चांगला माणूस होता, पण फायलींनी दमलेला.

"डबा पास आहे ना?"

"डबा पास आहे, साहेब. पण त्याला ऐकूच येत नाही. नुसता डबा तपासून भागायचं नाही. विमानात बसवलेला असताना, कानापासून फितीपर्यंत सगळा रस्ता तपासायला पाहिजे."

"कसा तपासणार? प्रत्येक विमान आपटून बघणार का?" साहेब हसले. "गावाला चाललायस ना? जाऊन ये. येताना कसं तपासायचं तेवढं नीट ठरवून आण. मी सही करतो."

अभिमन गावाला निघाला तो आई-बापाला मुंबईला आणायला. खिशात येतानाची तीन तिकिटं होती.

ही गोष्ट फोनवर ठरली होती. दर रविवारी सकाळी तो गावातल्या सुनंदाबाईच्या एसटीडी बूथवर फोन लावी. माय-आबा तिथं आधीच येऊन बसलेले असत. पहिल्यांदा माय बोले. भागाबाईचे प्रश्न ठरलेले: काय खादं, छोटी चालाले लागनी का, सून बरी शे का. मग आबा तिच्या हातातून फोन काढून घेत. "तू जाय बाहेर. मले मना पोऱ्याशी बोलू दे." काचेचं दार लागल्याचा आवाज येई, आणि आबा एका दमात सगळं सांगून टाकत, पाऊस, गिरणेचं पाणी, केळीचे घड, गायीचं वासरू. त्यानंतर अभिमन बोले. तो काय वाटेल ते बोलला तरी आबांकडून होकार येई, "हाव." थोडं थांबून पुन्हा, "हाव." आणि शेवटी सगळं ठीक असल्याचं, "बठ्ठं बरं शे. मजामा राह्य." फोन बंद.

बाप मुळात कमी बोलणारा. अभिमननं मनाला लावून घेतलं नाही. एकदाच लागलं. मागच्या पावसाळ्यात एका दूरच्या अपघातातली फीत त्याच्यापुढे आली होती, आणि नेमका हवा तो तुकडा वाचता येत नव्हता. बाहेर बाकड्यावर एक म्हातारं जोडपं रोज येऊन बसत असे. त्यांचा मुलगा त्या विमानात होता. त्यांना द्यायला अभिमनपाशी एक वाक्यही नव्हतं. त्या रविवारी फोनवर त्याचा गळा भरून आला. "आबा, हाई नोकरी सोडीसन घर यी जावं, आसं वाटस."

"हाव," आबा म्हणाले होते. आणि मग, "बठ्ठं बरं शे. मजामा राह्य."

ते 'मजामा राह्य' त्याला कुसळासारखं रुतून बसलं. त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

पुढे भादव्यात त्यानं विचारलं, "आबा, आते वय व्हयनं तुम्हनं. मळा बटाईवर देऊत, नि तुम्ही दोन्ही मुंबईले या."

"हाव."

"खरंच येशात ना?"

"हाव."

म्हणून त्यानं मोठी खोली मिळवली, तिकिटं काढली, आणि पाचोऱ्याला उतरून एसटीनं गावात आला.

आबा मळ्यातच होते. लेकाला बघितल्यावर धोतराला हात पुसत धावत आले. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळे भरून पाहिलं, आणि पाणीही पिऊ न देता ओढत खालच्या शेतात नेलं.

"हाई दख!"

काळ्या रानात सरळ ओळी होत्या, आणि ओळीत तीन तीन हात अंतरानं गुंडाळीतून नुकतं डोकं काढलेली कोवळी केळपानं. कांदेबाग! दिवाळीच्या सुमाराला लावलेली केळ. तिचा घड उतरायला दीड वरीस. तोवर ती माणसाला जागचं हलू देत नाही.

अभिमन खाली वाकला. एका पानाला हात लावत, वर न बघताच म्हणाला, "आबा, पन तुम्ही तं मुंबईले येनार व्हतात ना?"

"हाव," आबा आनंदानं म्हणाले. "आवंदा कंद भलता चांगला मियना."

रात्रीच्या जेवणाला मायनं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. भरताचा धूर आणि हिरव्या मिरचीचा वास घरभर. भाकरी थापता थापता माय गुणगुणत होती. तिला कुणी ऐकायला लागत नसे, भाकरी आणि ओवी तिच्या हातातून एकदमच सुटत:

दूरदेशना वारा, केळना पाने हाले
मना बाळना निरोप, पान पानले बोले

"पान पानले बोलस, नि माणूस माणसाले बोलत नही," अभिमन म्हणाला. "माय, आबानी फोनवर हाव सांगं. मी टिकीट काढीसन उनू. नि आठे कांदेबाग!"

मायचा हात तव्यावर थांबला. "त्यास्ना ध्यानमा ऱ्हायनं नसी रे."

"आबाना ध्यानमा? वासरूना जन्मना वार सांगतस त्या!"

"जेव आते. भरीत निवी जाई." आणि तिनं त्याच्या ताटात गरज नसताना आणखी तेल ओतलं. आबा समोर बसून दोघांची तोंडं आळीपाळीनं बघत हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर पाठमोरे बसून केळीच्या सोपटाची दोरी वळत होते. अभिमन उंबऱ्यात चहाची बशी घेऊन. माय रिकामा पितळी हंडा उतरवत होती, तो हातातून निसटला आणि दगडी फरशीवर पडला. असा काही आवाज झाला, की शेजारच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, कुत्रं शेपूट घालून पळालं, अभिमनच्या बशीतला चहा मांडीवर सांडला. हंडा गडगडत आबांच्या पाठीमागं हातभर अंतरावर येऊन थांबला.

आबा दोरी वळत होते. खांदासुद्धा हलला नाही.

अभिमननं मायकडे बघितलं. माय हंड्याकडे बघत होती.

त्यानं बशी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांपुढे तो कागद आला. विमान धावपट्टीवर आदळलं, आणि रेघ सरळ.

आबा मळ्यात गेल्यावर तोही मागोमाग गेला. जुन्या बागेत केळी डोक्यावर गेलेल्या. इंजिनच्या खोलीपासून तो थोड्या अंतरावर उभा राहिला आणि लहानपणीच्या सुरात हाक मारली.

"आबा… ओ द्या, आबा…!"

थांबला. पानं सळसळली. पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा, गळ्याच्या शिरा ताणून. पानांच्या फटीतून आबा दिसत होते. इंजिन सुरू होतं. त्याच्या जवळ वाकून, लोखंडी पाइपवर तळहात ठेवून ते डोळे मिटून उभे होते. पाइपात पाणी चढलं की त्याचा कंप बदलतो. तो हाताला लागल्यावर आबांनी मान हलवली, डोळे उघडले आणि सरीकडे निघाले. ओ आलं नाही. अभिमनला पुढे होववेना. तो बांधावरून गुपचूप घरी आला.

"माय, कव्हयपासून?"

"काय कव्हयपासून?"

"माय."

भागाबाईनं पदर तोंडाला लावला. "तुले कोनी सांगं?"

"हंडानी."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "इंजिननी कान खाई टाकात रे त्यास्ना. सारा जलम त्या खोलीमा. पह्यले एक गया, मंग दुसरा. समोरना मानूसना ओठ दखतस नि समजी लेतस. गावले पत्ता नही. मले तुनी आन घाली शे. म्हने, पोऱ्याले समजनं तं तो मले मळामाईन उपटी लई जाई. केळना कंद उपटाना तसा."

अभिमन आला होता तो त्यांना उपटून न्यायलाच.  

मुंबईला बायकोला कळवायचं होतं, म्हणून तो बूथवर गेला. बूथ म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारची खोली आणि तिच्यात काचेचं एक कपाट. सुनंदाबाई गल्ल्यापाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. बाई तोंडाची फटकळ, पण गावातल्या अर्ध्या माणसांची गुपितं त्या काचेपलीकडून त्यांनी पाहिलेली, आणि एकही बाहेर गेलेलं नाही.

"ये रे विमानवाला! आज रविवार नही, नि तू समोर. फोन कोनले लावस, स्वताले?"

"अक्का, एक विचारू का? आबा फोनवर बोलतस तव्हय…"

सुनंदाबाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला. "समजनं का तुले? चला, सुटनू मी!" त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "ते घड्याळ दख."

भिंतीवर एक स्वस्तातलं घड्याळ होतं. त्याच्या सेकंदकाट्याच्या टोकाला पत्र्याचं एवढंसं विमान बसवलेलं. टिकटिक करत ते गोल फिरत होतं.

"तुना बाप आत फोन कानले लाईसन हाऊ घड्याळ दखत बसस. ते विमान वर गयं, का 'हाव'. खाले उनं, का 'हाव'. सातआठ येढा झाया, का 'मजामा राह्य'. एकदाव सेल संपना नि घड्याळ बंद. बिचारा मानूस! मनाकडे आसा दखे, जसा भर पुरमा हात सुटना. मी आठून बोटे वर करूं, नि तो हाव सांगे."

अभिमनला हसू आलं. त्याची सगळी बोलणी, नोकरीचं, मुंबईचं, छोटीच्या पहिल्या पावलाचं, त्या पत्र्याच्या विमानाभोवती फिरून परत गेली होती. पह्यले ओ, मंग गोट, असं शिकवणाऱ्यानं त्याला न ऐकताच ओ दिलं होतं, आणि त्यानं त्या 'ओ'च्या भरवशावर बापाचा मळा बटाईवर काढायला घेतला होता.

त्यानं बायकोला फोन लावला. "मंदा, तिकिटं रद्द करावी लागतील बहुतेक. नाही, भांडण नाही. उलटंच आहे. आल्यावर सांगतो."

संध्याकाळी तो आबांना घेऊन बांधावर बसला. मुद्दाम समोर, उजेड तोंडावर येईल असा. आणि हळूहळू, एकेक शब्द ओठांवर नीट मांडत, त्या डब्याची गोष्ट सांगायला लागला. हिरवा दिवा. सरळ रेघ. अडकलेला कान.

"डबाना काही दोष नव्हता, आबा. त्याना कान अडकेल व्हता. त्याले काहीच आयकू ये नही, नि तो आपला लिखत जाये, बठ्ठं बरं शे, बठ्ठं बरं शे."

आबा त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते. शेवटचे शब्द ओळखून त्यांच्या मिशीचं एक टोक हललं.

"मंग त्या डबाले काय करं? फेकी दिधा?"

"छे! डबा तं सोनाना शे. नवा कान बसाडा."

आबांनी एक ढेकूळ उचललं, हातात फोडलं. "नि विमान? ते जागावर बसाडी ठेवं आसी."

"विमान जठे उडत व्हतं, तठेच उडी ऱ्हायनं. त्याले कोनी काबर अडकाडी? हाई कांदेबाग जशी आठेच शे, तसंच."

आबा नव्या ओळींकडे बघत राहिले. वारा नव्हता. कोवळ्या गुंडाळ्या अगदी उभ्या होत्या. मग ते उठले, धोतराची माती झटकली.

"धुयानी पह्यली गाडी कितला वाजता शे?" त्यांनी विचारलं, जणू धुळ्याहून त्यांना गायीसाठी सरकीची ढेप आणायची होती.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आबांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतःच्या तोंडापुढे कागद धरला. "ऐकू येतं का, आबा?"

"हाव."

"आता?"

"हाव."

डॉक्टर बोललेच नाहीत, नुसते थांबले.

"हाव," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी अभिमनकडे बघून डोळे मिचकावले. मग कागदाआडून विचारलं, "तुमच्या गायीचं नाव काय?"

"हाव."

"हाव नावाची गाय पहिल्यांदाच ऐकतोय," डॉक्टर म्हणाले, कागद खाली घेऊन, आबांना दिसेल असं. आबा क्षणभर ओशाळले, आणि मग असे खदखदून हसले, की बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावली. "कपिला!" ते म्हणाले. "गायनं नाव कपिला शे!"

नस झिजली आहे, पूर्वीसारखं येणार नाही, पण यंत्रानं बरंच येईल, असं डॉक्टर म्हणाले. आग्रा रोडवरच्या दुकानातून यंत्र घेतलं. छातीच्या खिशात ठेवायची एक डबी, तिच्यातून निघालेली तार, तारेच्या टोकाला कानात बसवायची गोळी. दुकानदारानं चाक फिरवलं आणि आबा दचकले. रस्त्यावरचा ट्रक, सायकलच्या घंट्या, भोंग्यावरची जाहिरात, सगळं एकदम आत घुसलं. त्यांनी घाईघाईनं चाक उलटं फिरवलं. "इतला बोलतस लोके? कसाले?"

बस लागायला अवकाश होता. अभिमननं स्टँडसमोरच्या बूथमधून साहेबांना फोन लावला.

"साहेब, कसं तपासायचं ते सापडलं. नुसतं 'ठीक आहेस का' असं विचारून उपयोग नाही. त्याचं उत्तर डबा झोपेतही देतो. त्याला असं काही विचारायचं, ज्याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत नसेल."

"म्हणजे?"

"विमान तपासणीनंतर पहिल्यांदा उडेल, तेव्हा वैमानिकानं ठरवून काही करायचं. एकदा डावीकडे वळणं, एकदा जरा खाली दाबून पुन्हा वर घेणं, आणि ती वेळ कागदावर टिपून ठेवायची. दर खेपेला वेगळं. मग फीत वाचायची. त्या वेळेला त्या त्या रेघा तशाच हलल्या, तर डब्यानं खरंच ऐकलं. ज्या रेघा फार शहाण्यासारख्या सरळ आहेत, त्या सगळ्यांत आधी बघायच्या."

पलीकडे साहेब काहीतरी लिहून घेत होते. "हे तुला गावी बसून सुचलं?"

"आमच्याकडे जुनी रीत आहे, साहेब. मी जरा विसरलो होतो."

काचेबाहेर आबा उभे होते, खिशातल्या डबीवर तळहात ठेवून.

मळ्यात पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. आबांनी डबीचं चाक हळूच फिरवलं आणि जुन्या बागेच्या तोंडाशी थबकले. मान वर करून इकडेतिकडे बघायला लागले.

"हाई काय आवाज ये रे? पानीना शे का?"

"पाने, आबा. वारा सुटना."

"पाने," आबा म्हणाले. "हाव. हाई तं मी इसरीच गयथू." आणि ते नुसतेच उभे राहिले, अंगणात पाहुणा यावा आणि त्याला काय म्हणावं ते सुचू नये, तसे.

अभिमन त्यांना तिथंच सोडून बांधावरून चालत गेला, पार शेवटच्या ओळीपर्यंत. आता दोघांच्या मधे सगळी बाग होती. ओठ दिसायचे नव्हते, घड्याळ नव्हतं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"आबा… ओ द्या, आबा…!"

आणि थांबला. निरोप तोंडातच धरून.

पानं हलली. एक पाखरू उडालं. त्याला वाटलं, अंतर फार झालं, यंत्राला एवढं झेपायचं नाही. तो पुन्हा हाक मारणार, तेवढ्यात बागेच्या त्या टोकाकडून, जरा थरथरता, पण लांबवलेला, जुन्याच वळणाचा आवाज आला:

"ओ…!"

"कांदेबाग निघू द्या, आबा…! मंग यानं व्हई तं या…! नही तं मीच येत जासू…!"

 उत्तराऐवजी केळीची पानं बाजूला सारत आबा स्वतःच आले. चालून धाप लागली होती. कानातली गोळी एका हातानं दाबून धरली होती. जवळ येऊन बांधावर बसले, आणि लेकाच्या ओठांकडे न बघता, समोरच्या रानाकडे बघत बोलले.

"दोन पावसाया व्हयनात, अभिमन. फोनमा तू काय बोलस, त्यामधलं मी काहीच आयकेल नही."

अभिमन त्यांच्या कानाशी वाकला. "मंग दर रविवारे जात का ऱ्हायनात, आबा? ऊनमा, पावसामा?"

"तू बोलस ना, तव्हय तो फोन बारीक थरथरे. पानी चढनं का पाइप थरथरस, तसा. मी सांगू, चालू शे. मना पोऱ्या त्या टोकले शे." आबांनी खिशातली डबी चाचपली, तिची तार बोटाला गुंडाळली, सोडली. "मांगना पावसायामा एक रविवारे तो निराळाच थरथरना. भलता. घर यीसन मी जेवनू नही. तुनी मायले बी सांगं नही. तुले कायतरी व्हई ऱ्हायनं, इतलं मले समजनं व्हतं रे. पन काय, ते आयकू उनं नही… म्हनीसन सांगं, मजामा राह्य."